दारापलीकडून आलेलं उत्तर

आम्ही मुलाची वाट पाहतोय हे आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळीत सगळ्यांना ठाऊक होतं. मंडळी तशी लहान. नगर-जालन्याकडून नोकरीसाठी आलेली आमच्यासारखी काही कुटुंबं, आणि कित्येक पिढ्यांपासून बेंगळुरूतच असलेली, मराठीत कन्नड मिसळून बोलणारी काही जुनी माणसं. बसवनगुडीजवळच्या एका चर्चमध्ये कन्नड उपासना संपली की तो हॉल आम्हाला मिळायचा. सर्जापूर रोडवरून तिथं पोहोचण्यात रविवारची अर्धी सकाळ जायची, तरी आम्ही जायचो. आठवड्यातून एकदा तरी देवाशी आणि माणसांशी मराठीत बोलता यायचं.

उपासना संपली की कुणी ना कुणी माझा हात धरून म्हणायचं, "देवाची वेळ यायचीय गं. धीर धर." सुरुवातीला बरं वाटायचं. मग औषधोपचार झाले, ते आम्हाला थकवून संपले. आम्ही दत्तकासाठी सरकारी यादीत नाव नोंदवलं, आणि तिथंही वर्षामागून वर्ष जाऊ लागलं. नवरा बेळ्ळंदूरला ऑफिसला निघण्याआधी रोज मोबाइलवर आमचा नंबर कुठवर आलाय ते बघायचा. मी विचारायची नाही. तो बूट कसे घालतो त्यावरून मला कळायचं.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. दिवसभर लोकांचे गुडघे आणि खांदे हातात घेऊन "हळूहळू होईल, घाई करू नका" असं सांगत असते. तेच मला कुणी सांगितलं की मात्र अंगावर काटा यायचा. माझी प्रार्थनाही आटत चालली होती. मी डोळे मिटायची आणि नुसतं 'कधी?' एवढंच मनात यायचं.

मंडळीत एक मावशी होत्या. जुन्या बेंगळुरूच्या, एकट्या राहणाऱ्या, माझ्यावर फार जीव. एका रविवारी त्यांनी मला हॉलच्या मागच्या बाजूला नेलं.

"स्वल्प ऐकून घे माझं. प्रार्थनेच्या मीटिंगला एक बाई भेटल्यात मला. विश्वासातल्या आहेत. अडलेल्या पोरींची बाळं चांगल्या घरी लावून देतात. मी तुझं नाव सांगितलंय. सरी? चालेल ना?"

"मावशी, पण हे असं परस्पर..."

"देव काय सरकारी ऑफिसातूनच देतो काय गं?"

मी हसले. पण ते वाक्य माझ्याबरोबर घरी आलं.

त्याच आठवड्यात त्या बाईचा फोन आला. हिंदी बोलत होती, आवाज मऊ, कन्नड वळणाचा. आधी तिनं फोनवरच प्रार्थना केली, लांबलचक, माझं नाव घेऊन. मग म्हणाली, मुलगी आहे, निरोगी आहे, आई बाळंतपणात गेली, मागे कुणी नाही. देणगीचं वगैरे नंतर बोलू. "फक्त एक करा, ताई. अजून कुणाला सांगू नका. सैतान चांगल्या कामात लगेच विघ्न आणतो." आणि फोन ठेवता ठेवता म्हणाली, "तुमची बाल्कनी पूर्वेला आहे ना? छान. बाळाला सकाळचं ऊन मिळेल."

फोन बंद झाल्यावर ओट्याशी उभी राहून मी खूप वेळ त्या वाक्याचा विचार करत होते. मावशींनी सांगितलं असेल, मी स्वतःला म्हटलं. पण मावशी आमच्या घरी कधी आल्याच नव्हत्या.

नवऱ्याला मी सगळं सांगितलं, बाल्कनीचं सोडून. त्यानं मोबाइल बाजूला ठेवला. मग म्हणाला, "पाळकांना विचारूया." मला नको होतं, पण गेलो. आमच्या मंडळीचे धर्मगुरू, आमचे पाळक, तरुण आहेत, शब्द जपून वापरतात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ज्या दाराबद्दल कुणाला सांगू नका असं सांगितलं जातं, त्या दाराशी मी थांबलो असतो."

"पाळकसाहेब, तुमच्या घरात तीन मुलं आहेत," मी म्हटलं.

त्यांनी मान खाली घातली. "खरंय," म्हणाले. एवढंच.

बाईचे फोन वाढले. दुसरं एक जोडपं तयार आहे. बाळाला सर्दी झाली होती, आता बरी आहे. बाळ तुमच्याच आवाजाची वाट बघतंय असं मला प्रार्थनेत दिसलं. ती दर वेळी 'देवाची वेळ' म्हणायची. इतकी वर्षं ज्या दोन शब्दांनी मी चिडायची, तेच शब्द तिच्या तोंडून आले की माझ्या छातीत धडधडायचं. शेवटी नवराच म्हणाला, "नुसतं बघून येऊ. ओके? काही साइन नाही, काही प्रॉमिस नाही."

भर दुपारी निघालो. सर्जापूर रोडचे मोठे मोठे टॉवर मागे पडले, रस्ता उकरलेला होता, मध्ये पाण्याचे टँकर अडकले होते. बाईनं पाठवलेल्या लोकेशनवर गाडी थांबली तेव्हा नवऱ्यानं इंजिन बंद केलं नाही. "प्रार्थना कर," म्हणाला. मी म्हटलं, "प्रभू, हे तुझ्याकडून नसेल तर आम्हाला थांबव. आम्हाला कळेल असं सांग." एवढी साधी, सरळ प्रार्थना मी फार दिवसांनी केली होती. उत्तर येईल असं मात्र वाटलं नव्हतं.

समोर चार मजल्यांची नवी इमारत होती. रंग ताजा. खिडक्यांच्या काचांना आतून वर्तमानपत्रं चिकटवलेली. एकाही बाल्कनीत कपडे वाळत नव्हते. बेंगळुरूत इतकी वर्षं राहून मी असं घर पाहिलं नव्हतं, जिथं माणसं राहतात आणि दोरीवर एक टॉवेलसुद्धा नाही. लहान बाळ असलेल्या घराचं तर बोलायलाच नको.

वर दार एका माणसानं उघडलं. आम्ही आत गेल्यावर त्यानं लोखंडी जाळीला आतून कुलूप लावलं, किल्ली शर्टाच्या खिशात टाकली आणि प्लास्टिकच्या खुर्चीवर जाऊन बसला. आमच्याकडे बघितलंही नाही. खोलीत सोफा, भिंतीवर क्रूस, कोपऱ्यात टीव्ही चालू, कसलीशी कन्नड मालिका. बाई पन्नाशीची, नीटनेटकी, कॉटनची साडी, डोळ्यांत माया. फोनवर होती तशीच. माझे दोन्ही हात धरून म्हणाली, "आलात. मला माहीत होतं."

ती आत गेली आणि बाळ घेऊन आली. माझ्या हातात दिलं.

त्या बाळाबद्दल मी फार लिहू शकत नाही. डोक्यावर दाट जावळ होतं. एक मूठ मोकळी होती. मी बोट पुढं केलं आणि तिनं ते धरलं. रोज माणसांच्या हातांचा जोर अजमावणं हेच माझं काम आहे, आणि एवढ्याशा मुठीत एवढा जोर असतो हे मला नव्यानं कळत होतं. तिचे पाय गार होते, म्हणून मी ते तळहातात घेतले. नवरा माझ्या खांद्यावरून वाकून बघत होता.

"घेऊन जा," बाई म्हणाली. "आजच. देवानं हातात दिलेलं परत करू नये."

मी हो म्हणणार होते. शब्द ओठांवर आला होता. आणि तेवढ्यात आतल्या बंद दारामागून आवाज आला.

"अक्का, एकडाव बगू द्या की वो. दूध आलंय मला. एकडाव."

मराठीत. बिदर-उदगीरकडची, ओढून बोललेली मराठी. कोवळा आवाज, एखाद्या पोरीचा. बाईनं शांतपणे रिमोट उचलला आणि टीव्हीचा आवाज वाढवला. "कामवाली आहे," ती आम्हाला हिंदीत म्हणाली. "सतत काहीतरी मागत असते." मंडळीतून तिला आमचं घर कळलं, बाल्कनी कळली, पण आम्ही घरात कुठली भाषा बोलतो ते बहुधा तिनं कुणाला विचारलंच नव्हतं. किंवा तिलाच मराठी येत नव्हती, आणि दारामागची पोरगी नेमकं काय म्हणतेय हे तिला कधी कळलंच नव्हतं.

मी नवऱ्याकडे पाहिलं. त्यानंही ऐकलं होतं. मघाशी गाडीत मी मागितलेलं उत्तर आलं होतं, माझ्या स्वतःच्या भाषेत, आणि ते ऐकलं नसतं तर बरं झालं असतं असं त्या क्षणी मला वाटलं.

"आज नको," मी हिंदीत म्हटलं. "घरी काहीच तयारी नाही. दुपटी नाहीत, दूध नाही. उद्या नेतो."

बाईचं हसू तसंच होतं. पण डोळे बदलले. "तयारी काय, वाटेत दुकानं आहेत."

"सासूबाई यायच्यात आज गावाहून. त्यांच्या हातानं घरात घ्यायचंय." माझ्या सासूबाई मी लग्न करून येण्याआधीच गेल्या होत्या.

खुर्चीवरच्या माणसानं पहिल्यांदा मान वर केली आणि बाईकडे बघितलं. टीव्हीवर कुणीतरी मोठमोठ्यानं रडत होतं. बाळानं माझं बोट अजून धरलेलंच होतं. मी ते सोडवून घेतलं आणि बाळ तिच्या हातात दिलं. तिला राग आला असता तर मला कमी भीती वाटली असती. ती नुसती माझ्याकडे बघत राहिली, भाजीवाला घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकाकडे बघतो तशी.

"उद्या बारापर्यंत," ती म्हणाली. "मग मी थांबणार नाही."

माणसानं उठून कुलूप काढलं. उंबऱ्यावर मी थांबले आणि नवऱ्याशी बोलल्यासारखं, पण टीव्हीच्या वर जाईल अशा आवाजात मराठीत म्हटलं, "ऐकलंय मी. आम्ही परत येऊ." दारामागं एकदम शांतता झाली.

तिथून सरळ पोलीस ठाण्यात गेलो. वाटेत मी पाळकांना फोन केला. त्यांनी एक शब्द जास्तीचा विचारला नाही. मंडळीत एक वकीलबाई होत्या, त्यांना घेऊन ते आमच्या मागोमाग पोहोचले. ठाण्यात आम्हाला बाकावर बसवलं. साहेब बाहेर गेलेत, थांबा. मग साहेब आले, पण ती हद्द दुसऱ्या ठाण्याची असावी, थांबा. मी आयुष्यभर हा शब्द ऐकत आले होते. त्या दिवशी तो शब्द मला विषासारखा लागला. पाळक माझ्याशेजारी बसले होते. ते अचानक उठले, टेबलाशी गेले आणि अगदी शांत कन्नडमध्ये म्हणाले की मुलगी आणि बाळ सापडेपर्यंत आम्ही इथून हलणार नाही. वकीलबाई वर फोन लावत होत्या. शेवटी जीप निघाली तेव्हा ऊन उतरलं होतं.

इमारत रिकामी होती. टीव्ही चालूच होता. आतल्या खोलीत जमिनीवर एक गादी, आणि एका वाटीत दूध. भिंतीवरचा क्रूस मात्र नेला होता. का कोण जाणे, त्या गोष्टीनं मी सगळ्यांत जास्त हादरले.

त्यानंतरचे महिने वाईट होते. बाईचा नंबर बंद होता, पण अनोळखी नंबरांवरून फोन येत. उचलला की पलीकडे कुणी बोलत नसे. नुसता श्वास ऐकू यायचा, किंवा तसा भास व्हायचा. मी बाल्कनीत जायचं सोडलं. नवऱ्यानं तिथं जाड पडदा लावला. मावशींनी हाय खाल्ली. "मीच लावून दिलं गं," एवढंच म्हणत राहायच्या. मी त्यांच्याजवळ बसायची, पाय चेपून द्यायची. त्यांच्यावर रागावणं माझ्याच्यानं झालं नाही. मंडळीत काही जण म्हणाले, देवानं तुम्हाला वाचवलं. मला ते पटायचं नाही. आम्ही वाचलो, आणि दारामागची?

माझी प्रार्थना बदलली होती. 'कधी?' संपलं होतं. 'कुठं?' सुरू झालं होतं. नवरा दर शनिवारी पोलीस ठाण्यात जायचा. तिथले लोक त्याला ओळखायला लागले, चहा द्यायला लागले, कंटाळायला लागले. तरी तो जायचा. मी एकदा चिडून म्हटलं, "काय उपयोग आहे?" तो बूट घालत म्हणाला, "आपण येऊ म्हटलंय. ती वाट बघत असेल." वाट पाहणारे फक्त आम्हीच नाही, हे मला तेव्हा कुठं नीट उमगलं. आणि वाट पाहणं म्हणजे हात बांधून बसणं नव्हे हेही मला पाळकांच्या प्रवचनातून नाही, त्याच्या शनिवारांतून कळलं.

मग एके दिवशी त्याच ठाण्यातल्या एका महिला हवालदाराचा फोन आला. शहराबाहेरच्या एका महिला आश्रयगृहात एक मुलगी आणली होती, बस स्टँडवर तापानं फणफणलेली सापडलेली. काय बोलते ते तिथं कुणाला धड कळत नव्हतं. "तुमची भाषा वाटते," हवालदार म्हणाली. "येता का?"

ती अठरा-एकोणीस वर्षांची होती. खाटेवर गुडघे छातीशी घेऊन बसली होती. मी दारातून म्हटलं, "घाबरू नकोस, मी मराठी आहे," आणि तिनं झटकन मान वर केली. चेहऱ्यानं ती मला ओळखत नव्हती. आवाजानं ओळखत होती.

"तुम्ही म्हणलाव, परत येऊ."

"आलो होतो गं. तुम्हाला हलवलं होतं."

"पोरगी?"

मी नकारार्थी मान हलवली. तिनं पुन्हा गुडघ्यांत तोंड घातलं.

हळूहळू तिनं सांगितलं. बांधकामावर कामाला आली होती. ज्याच्या भरवशावर आली तो निघून गेला. बाई देवमाणसासारखी भेटली, जेवू घातलं, बाळंतपण केलं. आम्ही गेलो त्याच दिवशी बाळाला एका गाडीतून नेलं आणि तिला दुसऱ्या. ताप आला तेव्हा तिला बस स्टँडवर टाकून गेले. मी तिचं बोलणं हवालदाराला सांगत होते. 'मला दूध आलं होतं' हे मी हिंदीत दोनदा सांगितलं.

त्या दिवसापासून मी तिच्याकडे जात राहिले. जबाबाच्या वेळी, डॉक्टरांच्या वेळी, आणि कधी नुसतीच. तिला आमच्या देवाबद्दल काही माहीत नव्हतं आणि मी सांगायला गेले नाही. एकदा तिनंच विचारलं, "तुम्ही डोळे झाकून काय मागता?" मी म्हटलं, "तुझी पोरगी." ती म्हणाली, "मग मागा. मी बसते."

बाई पकडली गेली ती दुसऱ्याच एका प्रकरणात. तिच्या फोनवरून पोलीस एकेका घरापर्यंत पोहोचले. बाळ दुसऱ्या शहरात एका जोडप्याकडे होतं. तपासण्या झाल्या, बालकल्याणच्या लोकांपुढं सुनावण्या झाल्या, आणि एक दिवस आम्हाला बोलावलं.

त्या ऑफिसच्या व्हरांड्यात ते जोडपंही बसलं होतं. आमच्याच वयाचं. बायकोच्या मांडीवर पिशवी होती, पिशवीत घडी केलेली झबली, एक खुळखुळा. ती एकेक झबलं पुन्हा पुन्हा काढून घडी घालत होती. नवरा भिंतीकडे तोंड करून उभा होता. त्यांनाही आई गेली असंच सांगितलेलं होतं. मला तिच्याजवळ जाऊन काहीतरी बोलायचं होतं, पण तिच्यात आणि माझ्यात एका दारामागच्या आवाजाचाच फरक होता, हे तिला कसं सांगणार? मी जागची हलले नाही.

छोटी आता बसायला लागली होती. तिला आईच्या हातात दिलं तेव्हा तिनं त्या अनोळखी तोंडाकडे बघितलं आणि किंचाळून रडायला लागली. व्हरांड्यातली बाई तो आवाज ऐकून उठून उभी राहिली. तिच्या नवऱ्यानं तिला धरलं. आतली कर्मचारी म्हणाली, "थोडा वेळ आम्ही घेतो." मी ते मराठीत सांगितलं.

"नको," पोरगी म्हणाली. "रडू द्या. वळखंल हळूहळू."

आता ती एका संस्थेत राहते, शिवणकाम शिकते. तिची लेक चालायला लागलीय. आम्ही महिन्यातून एकदा जातो.

बाई जामिनावर सुटली आहे. खटला चालू आहे आणि साक्षीसाठी मला बोलावतात, तारीख पुढं जाते, पुन्हा बोलावतात. मागच्या खेपेला कोर्टाच्या आवारात मी एकटी उभी होते, नवरा कॅन्टीनमधून चहा आणायला गेला होता. खांद्याला कुणाचा तरी हात लागला. वळले तर ती. तशीच नीटनेटकी साडी, तेच मऊ डोळे. गळ्यात आता क्रूसही होता.

"प्रभूची स्तुती असो, ताई," ती म्हणाली. "मिळालं का मूल?"

आजूबाजूला काळे कोट जात-येत होते, कुणाचं लक्ष नव्हतं. ती खरोखरच उत्तराची वाट बघत होती, एखाद्या जुन्या मैत्रिणीनं चौकशी करावी तशी.

"नाही," मी म्हटलं. "आम्ही थांबलोय."

"बरोबर आहे. घाई नको," ती म्हणाली, माझा दंड हलकेच थोपटला आणि गर्दीत गेली.

नवरा चहा घेऊन आला तेव्हा मी भिंतीला टेकले होते. त्यानं मला पायरीवर बसवलं आणि शेजारी बसून राहिला. आतून पुकारा झाला, आमच्याच खटल्याचा. आत गेलो, तर पुढची तारीख मिळाली.